ट्राऊटसाठी जुन्या वेट फ्लाईजचा तयार सेट : काय घ्यावं, काय तपासावं आणि भरवसा नक्की कशावर ठेवावा

जुन्या पद्धतीच्या वेट फ्लाईजचा (हुकवर दोरा आणि पिसं बांधून केलेल्या, पाण्यात बुडणाऱ्या खोट्या माश्या) एक तयार सेट घेतला होता त्याचा हा रिव्ह्यू. जरा मोठा आहे पण ट्राऊट माशासाठी फ्लाय फिशिंग करत असाल तर पूर्ण वाचा. डबीत २४ फ्लाईज, ८ पॅटर्न, प्रत्येकाच्या ३, साइझ १०, १२ आणि १४ (नवीन लोकांसाठी सांगतो, आकडा जितका मोठा तितका हुक लहान). पॅटर्न असे आहेत, पार्ट्रिज अँड ऑरेंज, स्नाइप अँड पर्पल, ग्रीनवेल्स ग्लोरी, पीटर रॉस, बुचर, इन्विक्टा, बिबिओ आणि मॅलर्ड अँड क्लॅरेट. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण यात जे दोष आहेत ते मी इतर तयार सेटमध्येही थोड्याफार फरकाने पाहिलेत, आणि काय बघायचं ते एकदा कळलं की कुठलाही सेट तुमचा तुम्ही तपासू शकता.

निकाल आधीच सांगून टाकतो. आठपैकी तीन पॅटर्न एकदम भारी, तीन थोडी छाटणी केली की कामाचे, आणि दोन नुसते डबी उघडल्यावर छान दिसतात.

पण मला खरं बोलायचंय ते भरवशाबद्दल. वेट फ्लाईज विकत घेणारे बरेच जण असतात, पाण्यात टाकणारे कमी. माणूस पार्ट्रिज अँड ऑरेंज बांधतो, वीस मिनिटं काही लागत नाही, की लगेच कापून टंगस्टन बीडवाली निम्फ (जड मण्यामुळे खोल जाणारी, किड्याच्या अळीसारखी फ्लाय) लावतो, मग निम्फला मासा लागतो आणि त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की जुन्या फ्लाईज आता चालत नाहीत. आता यात गंमत अशी की निम्फ दिवसभर पाण्यात होती आणि वेट फ्लाय वीस मिनिटं, म्हणजे तुलना झालीच नाही. जी फ्लाय जास्त वेळ पाण्यात तिला जास्त मासे, हे साधं गणित आहे, आणि नदीवरच्या बहुतेक लोकांनी निम्फ लावली असेल तर बहुतेक मासे निम्फलाच लागणार, त्यावरून वेट फ्लायबद्दल काहीच कळत नाही.

आणि हेच उलट्या बाजूनेही खरं आहे, हे वेट फ्लायवाल्यांनी (म्हणजे आपण सगळ्यांनीच) मान्य केलं पाहिजे. जो माणूस वर्षानुवर्षं ग्रीनवेल्स ग्लोरीशिवाय दुसरं काही बांधतच नाही त्याला सगळे मासे ग्रीनवेल्सलाच लागलेले असतात, मग तो म्हणतो बघा काय जादू आहे. जादूबिदू नाही, दुसरं काही पाण्यात गेलंच नाही ना. त्यामुळे "मला हिच्यावर भरवसा आहे" या वाक्याला माझ्या लेखी तेव्हाच किंमत आहे जेव्हा तो भरवसा कशातून आलाय ते सांगता येतं. माझं म्हणणं असं की भरवसा फ्लायच्या नावावर ठेवू नका, ती कशी बांधलीय आणि पाण्यात किती खोलीवर कशी हलते यावर ठेवा. तोच पीटर रॉस चांगला बांधलेला असेल तर जीव आहे आणि जाड बांधला असेल तर नुसता चमकदार गोळा, नाव दोघांचं एकच.

आता या फ्लाईज इतक्या टिकल्या कशा ते बघा. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या मजकुरात १२ फ्लाईजची यादी आहे, म्हणजे पाचशे वर्षांहून जुना प्रकार. १८५४ मध्ये ट्वीड नदीवर कॅनन विल्यम ग्रीनवेल नावाच्या धर्मगुरूंनी पाण्यावर दिसलेला एक किडा स्प्राऊस्टनच्या जेम्स राईट या फ्लाय बांधणाऱ्याला दाखवून तसा नमुना बांधून घेतला, तीच ग्रीनवेल्स ग्लोरी. पीटर रॉस हा स्कॉटलंडमधल्या किलिन गावातला दुकानदार होता आणि त्याने आधीपासून चालत आलेल्या टील अँड रेड या फ्लायमध्ये बदल सुचवला. बुचर ही टनब्रिज वेल्सच्या मून नावाच्या खाटकाच्या धंद्यावरून आलेली. बिबिओ आयर्लंडच्या मेयो भागातली, त्या मानाने बरीच नवी. म्हणजे या सगळ्या ठरावीक पाण्यासाठी, ठरावीक किड्यांसाठी, रोज पाण्यावर असणाऱ्या माणसांनी घडवलेल्या वस्तू आहेत, आणि ज्या चालल्या नाहीत त्या शेकड्याने विसरल्या गेल्या.

यात मला सगळ्यात महत्त्वाचा माणूस वाटतो डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट. स्कॉटलंडचा, १८५७ साली त्याने लिहून ठेवलं की खंडीभर पॅटर्न बाळगायची गरज नाही, रंगापेक्षा आकार आणि घडण महत्त्वाची, आणि वेट फ्लाय प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाका. त्याच्या फ्लाईज म्हणजे तीन स्पायडर, काळा, लाल आणि करडा, बस. पंख नाहीत, चमक नाही, रेशमाचा दोरा आणि मऊ पिसाचे थोडेसे तंतू. आज आपण वीस-वीस कप्प्यांच्या डब्या घेऊन फिरतो आणि तो तीन फ्लाईजवर भागवत होता, कारण त्याचा भरवसा घडणीवर आणि टाकण्याच्या पद्धतीवर होता.

मग मध्ये ड्राय फ्लायचं वेड आलं. १८८६ पासून फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या लिखाणामुळे दक्षिण इंग्लंडच्या चॉक स्ट्रीम्सवर (खडूच्या खडकातून येणाऱ्या स्वच्छ पाण्याच्या नद्या), टेस्ट, इचेन या नद्यांवर, तरंगणारी फ्लायच काय ती सभ्य असं वातावरण तयार झालं आणि बुडणारी फ्लाय वापरणाऱ्याकडे लोक जरा खालच्या नजरेने बघायला लागले. जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये त्याच नद्यांवर बुडालेल्या फ्लायची बाजू मांडली, आणि मोठा वाद झाला. मला वाटतं वेट फ्लायवरचा अविश्वास तिथूनच पुढे झिरपत आलाय, मासे न लागल्यामुळे नाही तर फॅशनमुळे. अमेरिकेत पेनसिल्वेनियाच्या जेम्स लायझनरिंगने मात्र याच मऊ हॅकलच्या (हुकभोवती गुंडाळलेल्या पिसाच्या) फ्लाईज घेऊन स्वतःची पद्धत काढली, ती पुढे सांगतो कारण या सेटवर ती फार छान चालते.

आता माशाच्या बाजूने विचार करा. ट्राऊटचं बरंचसं खाणं पाण्याच्या पृष्ठभागाखाली चालतं. किडा तळातून वर येतो, पृष्ठभागाशी अडकतो, कवच फोडून बाहेर पडायची धडपड करतो, आणि त्या धडपडीच्या वेळी तो सगळ्यात असहाय असतो. कॅडिस या पाणकिड्याचे प्यूपा (कोशातली अवस्था) वर पोहत येतात. बेटिस जातीतल्या काही माद्या तर अंडी घालायला दगडावरून चालत पाण्याखाली जातात, म्हणजे पंखवाला पूर्ण वाढलेला किडासुद्धा पाण्याखाली सापडतो. मऊ हॅकलची वेट फ्लाय नेमकी हेच दाखवते, पाय हलतायत, अंगाला हवेचे बारीक बुडबुडे चिकटलेत, धड किडा नाही धड कवच नाही. हुबेहूब नक्कल कशाचीच नसते आणि तीच तिची ताकद आहे.

एक खूण लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. मासा वर उठला आणि पाण्यावर बुडबुडा राहिला तर त्याने बहुतेक वरून किडा घेतला, तोंडाबरोबर हवा आत गेली आणि कल्ल्यातून बाहेर पडली. नुसता फुगवटा किंवा भोवरा दिसला, बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाखालून खातोय. अशा वेळी लोक ड्राय फ्लायमागून ड्राय फ्लाय बदलत बसतात आणि वैतागतात, तिथे १४ नंबरचा स्पायडर टाकून बघा.

बरं आता सेट.

बिबिओ, या डबीतली सगळ्यात चांगली. काळं अंग, मधे लाल पट्टा, अंगभर गुंडाळलेलं काळं हॅकल. हॅकल मोजकं, लाल पट्टा रुंद नाही, तारेने पक्कं बांधलेलं. ऑगस्टच्या सुमारास हेदरवरून (माळरानावरचं झुडूप) वाऱ्याने पाण्यात पडणारी लाल पायांची काळी माशी असते तिच्यासाठी ही उत्तम, आणि लॉखवर (तळ्यावर) बोटीतून ड्रिफ्ट करताना वरच्या ड्रॉपरला (एकाच दोऱ्यावर तीन फ्लाईज बांधल्या तर सगळ्यात वरची जागा) हिच्याइतकी निर्धास्त फ्लाय मला दुसरी माहीत नाही. लाटांवर खरवडत आणली तरी चालते.

मॅलर्ड अँड क्लॅरेट पण सुरेख. क्लॅरेट रंगाची लोकर विरळ लावलीय, उजेडात धरली तर आरपार लालसर दिसते, पंख ब्राँझ मॅलर्डचे, अंगालगत बसवलेले. पीटमुळे (कुजलेल्या वनस्पतींची दलदलीची माती) चहाच्या रंगाचं पाणी असतं तिथे हा गडद लाल फार चांगला दिसतो. आयरिश लॉखवर ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय त्याला कारण आहे.

ग्रीनवेल्स तिसरी. मूळ नमुन्यात पिवळ्या रेशमाला चांभारी मेण खूप चोळायचे, त्यामुळे पिवळा जाऊन ऑलिव्ह रंग येतो, आणि तोच रंग ऑलिव्ह जातीच्या किड्यांशी जुळतो. या सेटमध्ये मेण लावलंय की सरळ ऑलिव्ह दोरा वापरलाय ते सांगता येत नाही पण रंग बरोबर आहे, अंग बारीक आहे, सोनेरी तार सरळ अंतराने गुंडाळलीय. पंख मासा चावला की फाटतात, दोन माशांनंतर विस्कटून जातात, त्याचं काही वाटून घेऊ नका, विस्कटलेली ग्रीनवेल्स नव्यापेक्षा वाईट नाही, उलट जास्त हलते.

आता जिथे छाटणी लागते त्या. पार्ट्रिज अँड ऑरेंज आणि स्नाइप अँड पर्पल, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायरकडच्या नद्यांची शान, आणि याच दोन इथे बिघडवल्यात याचं मला खरंच वाईट वाटतं. पार्ट्रिजमध्ये पीस खरं आहे, मऊ आहे, पण वेढे तीन-चार. लागतो दीड, फार तर दोन. जास्त वेढे घातले की तंतू एकमेकांना टेकून उभे राहतात, पाण्यात दबत नाहीत, हलत नाहीत, फ्लाय बुडायलाही वेळ घेते. अंगही लांब आहे, थेट हुकच्या वळणापर्यंत नेलंय. जुन्या स्पायडरचं अंग हुकच्या टोकाच्या समोर येऊन थांबतं, मागे उघडा हुक दिसतो, तो दिसू द्यायचा, मासा त्याची पर्वा करत नाही. स्नाइप अँड पर्पलमध्ये तर स्नाइपचं पीसच नाही, काळं रंगवलेलं कुठलंसं कडक पीस लावलंय, पाण्यात खराट्यासारखं उभं राहतं.

दुकानातला माल जाड का बांधतात याचं कारण मला असं वाटतं की गिऱ्हाईक कोरडी फ्लाय बघून विकत घेतं आणि भरगच्च फ्लाय पैसा वसूल वाटते. विरळ स्पायडर हातात घेतला तर अर्धवट बांधल्यासारखा दिसतो. पण ओला केल्यावर बघा, विरळ स्पायडरचं अंग आणि हॅकल एकत्र येऊन बारीक लांबट किडा तयार होतो आणि जाड स्पायडर तसाच गोळा राहतो.

पार्ट्रिजवर उपाय सोपा आहे, चिमट्याने हॅकलचे तंतू वरून आणि खालून उपटून काढा, दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा राहू द्या. कात्रीने टोकं कापू नका, टोक कापलं की तंतूची निमुळती शेपटी जाते आणि तीच तर हलते. स्नाइपवाल्या फ्लाईजमध्ये पीसच चुकीचं असल्याने उपटून फारसा फरक पडत नाही, तरी थोड्या सुधारतात. दोऱ्याबद्दल पण एक. जुन्या लोकांचं रेशीम ओलं झालं की गडद होतं, केशरी रेशीम भिजल्यावर लाकडासारखा तांबूस रंग येतो आणि आतला हुक जरासा जाणवतो. या सेटमध्ये पॉलिस्टर आहे, ओलं करा नाहीतर कोरडं ठेवा, केशरी ते केशरीच. स्ट्यूअर्टचं ऐकायचं तर रंगाने एवढं बिघडत नाही आणि मीही त्याच मताचा आहे, दोऱ्यापेक्षा हॅकल आधी बघा, पण निवड असेल तर मी रेशीमच घेईन.

इन्विक्टाचं अंग पिवळं, अंगभर लालसर हॅकल, गळ्याशी ‘जे’ नावाच्या पक्ष्याचं निळं पीस, फेझंटच्या शेपटीचे पंख, बरीच सजलेली फ्लाय आहे पण जेम्स ऑग्डेनची ही कल्पना कॅडिस उडत असताना काय चालते म्हणून सांगू! या डबीतली जरा जाड आहे, अंगावरचं हॅकल खालच्या बाजूने सुईने मोकळं करून थोडं विरळ केलं की झालं.

पीटर रॉस आणि बुचर मात्र नको. पीटर रॉसचा मागचा अर्धा भाग चांदीचा, पुढचा अर्धा लाल, दोन्ही सारखे हवेत, इथे लाल भाग पाऊणपर्यंत आलाय आणि टीलचे पंख इतके रुंद की कास्ट करताना फ्लाय गरगर फिरते आणि टिपेटला (फ्लाय बांधतो त्या बारीक दोऱ्याला) पीळ पडतो. बुचरची चांदीची पट्टी थोड्या वापराने सुटायला लागली. या दोन्ही लहान माशांसारख्या चमकतात म्हणून लोक घेतात, आणि नीट बांधलेल्या असतील तर नक्की घ्या, पण या डबीतल्या नाही.

हुक बरे आहेत. टोक नखावर हलकं टेकवून सरकवलं तर घसरत नाही, रुततं, म्हणजे धार आहे. १४ नंबरच्या काही हुकांची डोळी वार्निशने बंद होती, ते घरीच सुईने साफ करून ठेवा, नदीवर संध्याकाळी कमी उजेडात ते काम फार त्रासाचं होतं. मासा सोडून देत असाल तर बार्ब (हुकच्या टोकामागचा उलटा काटा) पक्कडीने दाबून घ्या, या हुकांची तार दाबताना तुटत नाही.

आता भरवसा कसा तपासायचा. वेट फ्लायचा सगळ्यात मोठा फायदा हा की ती टीमने बांधता येते, एका लीडरवर (लाईनच्या टोकाला जोडलेला बारीक दोरा) तीन फ्लाईज, खाली पॉइंट, मधे ड्रॉपर, वर बॉब फ्लाय, मधलं अंतर साधारण एक मीटर, ड्रॉपरचा दोरा बोटाच्या लांबीएवढा, फार लांब ठेवला तर लीडरभोवती गुंडाळतो. (काही पाण्यांवर एकच फ्लाय चालते, नियम आधी बघा.) आता पॉइंटला तुमची नेहमीची निम्फ, मधे पार्ट्रिज, वर बिबिओ लावा. तिन्ही सारखाच वेळ पाण्यात, सारख्याच माशांसमोर. काही तासांनी जागा बदला, स्पायडर खाली, निम्फ मधे, कारण नुसत्या जागेमुळेही खूप फरक पडतो, पॉइंटवाली खोल जाते, बॉब पृष्ठभागाशी राहते. असं वेगवेगळ्या दिवशी, थंडीत, उन्हात, किडे उडताना, न उडताना करत राहिलात की कोणती फ्लाय कधी चालते ते तुम्हाला स्वतःला कळतं, आणि तो भरवसा मग कोणी कितीही काही बोललं तरी हलत नाही. पाच फ्लाईज बदलून बघण्यापेक्षा तीन फ्लाईजच्या जागा बदलून बघणं कितीतरी जास्त शिकवतं.

टाकायची पद्धत पण बघा, कारण बऱ्याच वेळा अविश्वास फ्लायमुळे नसतोच. आडवं आणि खाली टाकून लाईन ताणून झोका देत आणायची ही सोपी पद्धत, त्यात माशाचा झटका हाताला थेट कळतो, पण मासे सुटतातही खूप. मासा मागून येऊन फ्लाय घेतो, लाईन आधीच ताठ असते, आपण दचकून रॉड उचलतो आणि फ्लाय त्याच्या तोंडातून निघून येते. रॉड थोडा वर धरा, टोकापासून पाण्यापर्यंत लाईनला जरा झोळ राहू द्या, झटका आला की लगेच मारू नका, माशाला वळू द्या. नाहीतर मग स्ट्यूअर्टसारखं वरच्या दिशेला, आखूड लाईनने, मासा मागून गाठायचा, हे अवघड आहे कारण फ्लाय तुमच्याकडे प्रवाहाच्याच वेगाने येते आणि घेतल्याची खूण फक्त लाईनच्या टोकाची किंचित अडखळ, पण एकदा जमलं की खळाळत्या उथळ पाण्यात यासारखी मजा नाही.

आणि ते लायझनरिंगचं. मासा कुठे उभा असेल त्याचा अंदाज घ्यायचा, फ्लाय त्याच्या बऱ्याच वर टाकायची, रॉडने तिच्या मागे मागे जात तिला बुडू द्यायचं, आणि ती माशाच्या जवळ आली की रॉड थांबवायचा. बस, बाकी प्रवाह करतो, लाईन ताणली जाते आणि फ्लाय माशासमोर तळातून वर उठायला लागते, अगदी बाहेर पडायला निघालेल्या किड्यासारखी. छाटलेल्या पार्ट्रिजने हे करून बघा आणि मग जाड, न छाटलेल्या पार्ट्रिजने करा, फरक कळेल.

लॉखवर बोट आडवी धरून वाऱ्याबरोबर वाहत जायचं, पुढे आखूड कास्ट, लाईन ओढत आणायची आणि उचलायच्या आधी वरची बिबिओ पृष्ठभागावर क्षणभर थांबवायची. ते थांबणं कधीही टाळू नका. मासा मागोमाग आलेला असतो, तिथेच घेतो.

कुठे चालत नाही तेही सांगतो म्हणजे उगाच अपेक्षा नको. पाणी बर्फासारखं थंड, चढलेलं, मासे तळाला चिकटून, अशा वेळी बीड नसलेली फ्लाय काही इंच खाली जाणार आणि मासा दीड मीटर खाली, तिथे टंगस्टनची निम्फ लावा, यात भरवसा ठेवण्याचा प्रश्नच नाही, फ्लाय माशापर्यंत पोचतच नाही. खोल, संथ डोहातही तेच. जोराच्या वाऱ्यात तीन फ्लाईजचा गुंता होतो, लूप (कास्ट करताना हवेत होणारं लाईनचं वळण) मोकळी ठेवा, सावकाश कास्ट करा, नवीन असाल तर दोनच बांधा. बाकी वसंतात ऑलिव्ह उडायला लागले की दुपारच्या त्या तासा-दोन तासांत, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, खळाळाच्या कडेला, वाऱ्याने लाटा उठलेल्या लॉखवर, मी ड्राय आणि निम्फ दोन्ही बाजूला ठेवून वेट फ्लायच लावतो.

या सेटमध्ये एक गोष्ट नाही याचं फार आश्चर्य वाटलं, वॉटरहेन ब्लोआ. पिवळ्या रेशमावर इतकी विरळ लव की खालचा पिवळा दिसत राहतो, आणि पाणकोंबडीच्या पंखाखालचं धुरकट पीस. मोसमाच्या सुरुवातीला लार्ज डार्क ऑलिव्ह उडत असताना हिच्याशिवाय वेट फ्लायची डबी पूर्ण होत नाही. बुचर काढून ती दिली असती तर मी या सेटला सहज जास्त मार्क दिले असते.

सांभाळायचं म्हणाल तर संध्याकाळी घरी आल्यावर डबी उघडी ठेवा, ओल्या फ्लाईज तशाच बंद केल्या तर हुक गंजतात आणि गंज हॅकलच्या मुळाशी उतरतो. फोममध्ये खोचताना हॅकल दाबलं जाणार नाही असं बघा, दबलेलं असेल तर गरम पाण्याच्या वाफेवर थोडं धरा, परत उठतं.

मार्क ५ पैकी ३. पुढच्या वेळी मी मिक्स सेट न घेता सुट्या घेणार, तीनच पॅटर्न, पार्ट्रिज अँड ऑरेंज, वॉटरहेन ब्लोआ, बिबिओ, प्रत्येकी अर्धा डझन, साइझ १२ आणि १४. तुम्हीही ऑर्डर करण्याआधी विकणाऱ्याकडे ओल्या फ्लायचा फोटो मागा, कोरड्या फोटोवर काही कळत नाही, आणि हाताने बांधून देणारा कोणी मिळाला तर एवढंच सांगा की हॅकल दीड वेढा, पीस मऊ, अंग हुकच्या टोकाशी थांबलेलं. कोणी तसा विरळ स्पायडरचा तयार सेट वापरला असेल तर खाली लिहा, मला घ्यायचाय.